गाणे सुचवणारे यंत्र : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोबाईलवरील संगीतसेवांत आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींविषयी गेल्या काही महिन्यांत कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी मंगळवार पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. मुलाने माझ्या मोबाईलवर एका संगीतसेवेची वर्षाची वर्गणी भरून दिली. तीत आपली इच्छा शब्दांत लिहिली की गाण्यांची यादी तयार होऊन येते. मी ‘जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकांनी गायलेले सकाळचे राग’ असे मराठीत लिहिले. आलेल्या यादीत तोडी आणि ललत हे राग होते, पण भूपही होता, ध्यानधारणेसाठी म्हणून केलेले बासरीवादन होते आणि एक हिंदी चित्रपटगीतही होते. या यंत्राला राग कळतो की नाही? ही सोय वापरण्याजोगी आहे का?

उत्तर : राग कळतो असे म्हणता येणार नाही. रागाचे नाव त्याला ओळखता येते, आणि त्या नावाच्या आसपास लोक काय ऐकतात हेही ठाऊक असते. आपल्या यादीतील बहुतेक घोळ या फरकातून आलेला दिसतो, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

गाणी सुचवण्याची सर्वांत जुनी रीत श्रोत्यांच्या सवयींवर उभी आहे. ज्यांनी अमुक गाणे शेवटपर्यंत ऐकले त्यांनी पुढे आणखी काय ऐकले, कोणते मध्येच सोडले, कोणते स्वतःच्या यादीत जपून ठेवले, अशा कोट्यवधी नोंदींवरून आपल्यासाठी अंदाज बांधला जातो. स्पॉटिफाय या संगीतसेवेने २०१५ साली दर सोमवारी नवी यादी देणारी ‘डिस्कव्हर वीकली’ ही सोय सुरू केली, तिचा मुख्य आधार हाच होता. तत्पूर्वी, २०१४ साली, त्या कंपनीने ‘एको नेस्ट’ ही संस्था विकत घेतली होती. ध्वनिमुद्रणाची लय किती जलद आहे, त्यात जोर किती आहे, त्यावर नाचता येईल का, वाद्ये विजेवरची आहेत की साधी, यांची मोजमापे काढण्यात ती संस्था वाकबगार होती. आपण वापरली ती वाक्य लिहून यादी मिळवण्याची सोय अगदी अलीकडची आहे. स्पॉटिफायने ती एप्रिल २०२४ मध्ये प्रथम ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात आणली, ॲमेझॉन म्युझिकनेही त्याच महिन्यात अमेरिकेत तशीच सोय चाचणीसाठी खुली केली, आणि त्यानंतर निरनिराळ्या सेवांत ती देशागणिक टप्प्याटप्प्याने येत गेली. तिच्यातील भाषेचे यंत्र आपले वाक्य वाचते, त्यातून गायकांची नावे, संगीतप्रकार, वेळ आणि मनःस्थिती सांगणारे शब्द वेगळे काढते आणि त्या शब्दांशी जुळणारी ध्वनिमुद्रणे साठ्यातून उचलते. आपले वाक्य वाचणारे हे यंत्र त्या क्षणी कोणतेही गाणे ऐकत नाही.

आता आपली यादी पुन्हा पाहावी. ‘सकाळ’ हा शब्द बासरीपर्यंत कसा पोहोचला असेल याचा तर्क करणे अवघड नाही, कारण पहाटेची शांतता, योगासने आणि ध्यान यांच्या नावाखाली अशा ध्वनिमुद्रणांचा या सेवांवर अक्षरशः पूर आलेला आहे. चित्रपटगीत बहुधा आपल्याच खात्यावर पूर्वी ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या ओढीने आले असावे. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात पडलेली जिलबी वाढपी न विचारता आपल्याही पानात वाढतो, त्यातलाच हा प्रकार आहे. भूपाचे उदाहरण मात्र खरोखर विचार करण्याजोगे आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात. भूपात गंधाराचे (ग) प्राबल्य असते, त्याचे चलन पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, राहते आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देसकारात धैवत (ध) बोलतो, गाणे उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, फिरते आणि वेळ सकाळची असते. आपल्यासारख्या जाणत्या श्रोत्याला हा भेद दोन आलापांत उमगतो, परंतु लय, जोर आणि नाचण्याची योग्यता मोजणाऱ्या पट्टीवर त्याला जागाच नाही. त्यातून देसकार ऐकणारे बहुतेक जण भूपही ऐकतात, त्यामुळे सवयींच्या हिशेबातही हे दोन राग एकमेकांशेजारी येऊन बसतात. यंत्राला राग शिकवताच येत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २०११ साली सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीतातील राग, ताल आणि स्वरसमूह संगणकाकडून ओळखून घेण्याचे मोठे काम झाले असून आयआयटी मुंबईतील संशोधकांनीही या विषयात दीर्घकाळ काम केले आहे. आपल्या हातातील यादीत त्या अभ्यासाचा मागमूस दिसत नाही, एवढेच.

घराण्याची अडचण आणखी वेगळी आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात आले आणि या घराण्याची गायकी याच गावात घडली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. पण संगीतसेवेच्या नोंदवहीत घराण्याचा रकानाच नसतो. तेथे कलाकार, संग्रहाचे नाव, ध्वनिमुद्रणाचे नाव, कंपनी, वर्ष आणि ढोबळ प्रकार एवढीच माहिती असते. खाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी बाजारात कधी आलीच नाही, त्यामुळे ही परंपरा यंत्राला शोधायची तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर अशा नावांवरूनच शोधावी लागते, आणि रोमन लिपीत ही नावे निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, तरी पृथ्वीवर ती शोधताना त्यांच्या नावाची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावी लागावीत हे गमतीचेच म्हणायचे. रागांच्या नावांचीही तीच गत आहे. संपूर्ण मालकंस, खोकर, बसंती केदार, बिहागडा यांसारखे या घराण्याचे खास राग शीर्षकात नीट लिहिलेले असतील तरच सापडतात. ‘संपूर्ण’ हा शब्द गळाला की सारे साध्या मालकंसाच्या ढिगाऱ्यात जाते. वर्षाच्या रकान्यावरही विसंबू नये, कारण जुन्या तबकडीची नवी आवृत्ती ज्या वर्षी निघाली तेच वर्ष तेथे पुष्कळदा दिसते.

म्हणून ही सोय पारखायची असेल तर ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न तिला विचारावा. गायकाचे नाव आणि रागाचे नाव दोन्ही लिहावे, तेच वाक्य एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत लिहून पाहावे, आणि यादीत काय आले याबरोबरच काय यायला हवे होते आणि आले नाही, हेही तपासावे. न आवडलेले ध्वनिमुद्रण नुसते पुढे ढकलण्याऐवजी ‘हे नको’ अशा अर्थाचे बटण दाबावे, म्हणजे नाराजीची स्पष्ट नोंद होते. माझे मत विचाराल तर भावगीते, भक्तिगीते आणि नाट्यगीते यांत विसरलेले काही अवचित हाती यावे यासाठी ही सोय चांगली आहे. ख्यालासाठी मात्र आपण स्वतः एकेक ध्वनिमुद्रण ऐकून हाताने केलेली यादीच ठेवावी आणि यंत्राच्या यादीतून फार तर तिच्यात भर घालावी.

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या घरी सगळ्यांत मिळून संगीतसेवेचे एकच खाते आहे. सकाळी मी अभंग लावते, दुपारी नातू बडबडगीते ऐकतो आणि संध्याकाळी सूनबाई व्यायामाची गाणी लावतात. आता माझ्या ‘खास तुमच्यासाठी’ या यादीत काकड आरतीनंतर इंग्रजी बालगीत लागते. उपाय काय?

उत्तर : एका खात्याला यंत्र एकच व्यक्ती समजते, त्यामुळे त्याच्या हिशेबी आपण पहाटे भक्ती, दुपारी बालपण आणि संध्याकाळी उड्या असा दिनक्रम असलेली एकच गृहिणी आहात. कुटुंबासाठी असलेली योजना घेऊन प्रत्येकाचे खाते वेगळे करणे हा खरा उपाय होय. अशा योजनेत एकाच घरातील अनेकांची स्वतंत्र खाती चालतात. ते जमणार नसेल तर नातवाची गाणी एका वेगळ्या यादीत ठेवून ती यादी आपल्या आवडीच्या हिशेबातून वगळण्याची सोय स्पॉटिफायमध्ये आहे, ती वापरावी. यूट्यूब म्युझिकमध्ये मुलाच्या हाती मोबाईल देण्यापूर्वी ऐकण्याच्या इतिहासाची नोंद थांबवून ठेवता येते आणि नंतर पुन्हा सुरू करता येते.

प्रश्न : एक गाणे संपता संपता दुसरे त्यात मिसळून टाकण्याची नवी सोय मी सुरू केली. लग्नाच्या गाण्यांना ती छान वाटली, परंतु मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले तेव्हा विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होण्याच्या जागी काहीतरी विचित्र झाले. हा दोष कोणाचा? (शाहूपुरी)

उत्तर : दोष सोयीचा नाही, ती चुकीच्या जागी लावली गेली. ॲपल म्युझिकने २०२५ मध्ये आणलेली ‘ऑटोमिक्स’ ही सोय दोन गाण्यांची लय आणि स्वर जुळवून त्यांची सांधेजोड करते; स्पॉटिफायमध्ये एक गाणे मावळताना दुसरे उगवण्याचा काळ १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतो. ठेका धरून चालणाऱ्या गाण्यांना हे शोभते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र बडा (विलंबित) ख्याल आणि छोटा (द्रुत) ख्याल पुष्कळदा दोन स्वतंत्र तुकडे करून ठेवलेले असतात. तिथे गायकाने सम (तालाची पहिली मात्रा) घेऊन सोडलेला अवकाश यंत्राला रिकामी जागा वाटतो आणि ते ती भरून काढते. शास्त्रीय संगीत ऐकताना ही मिसळण पूर्ण बंद ठेवावी आणि सलग, विनाखंड वाजवण्याची सोय तेवढी सुरू ठेवावी.

प्रश्न : कसबा बावड्यातील आमच्या भजनी मंडळात एका नव्या गायकाच्या अभंगांची चर्चा आहे. आवाज गोड आहे, पण गायकाची माहिती कुठेच नाही, छायाचित्र चित्रासारखे गुळगुळीत आहे आणि दर आठवड्याला नवा संग्रह येतो. हा माणूस आहे की यंत्र? ओळखावे कसे?

उत्तर : त्या विशिष्ट गायकाविषयी दुरून निवाडा देणे योग्य होणार नाही, पण आपली शंका निराधार नाही. फ्रान्समधील डीझर या संगीतसेवेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या ध्वनिमुद्रणांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १०,००० ध्वनिमुद्रणे, पूर्णपणे यंत्राने बनवलेली असतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत हा आकडा रोज ५०,००० आणि ३४ टक्क्यांवर गेला होता. त्याच सुमारास तिने ८ देशांतील ९,००० लोकांना काही गाणी ऐकवून पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के श्रोत्यांना यंत्राची आणि माणसांची गाणी अचूक वेगळी करता आली नाहीत. त्या देशांत भारत नव्हता आणि गाणी अर्थातच अभंगांची नव्हती, तरीही ‘मला कानांनी कळेलच’ हा विश्वास जरा बेतानेच बाळगलेला बरा. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या एका बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले, आणि मग त्यांच्याच पानावर हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केलेला प्रकल्प असल्याचे जाहीर झाले.

मग करायचे काय? आधी कागदोपत्री पुरावा पाहावा, मग कानांचा. श्रेयनामावलीत संगीतकार, तबलावादक, पखवाजवादक, ध्वनिमुद्रक यांची नावे आहेत का? त्या नावांची माणसे इतर कोणाबरोबर वाजवताना दिसतात का? गायकाचा एखादा प्रत्यक्ष कार्यक्रम, एखादी आकाशवाणीवरील हजेरी, कोणा गुरूचे नाव, काहीतरी सापडायला हवे. आपल्याकडे अभंग गाणारा माणूस हवेतून पडत नाही. तो कोणत्या ना कोणत्या गावच्या सप्ताहात, दिंडीत किंवा भजन स्पर्धेत आधी कोणीतरी ऐकलेला असतो. मंडळातील जुन्या माणसांनी जिल्ह्यात चार ठिकाणी चौकशी केली तर यंत्रापेक्षा लवकर उत्तर मिळेल.

कानांसाठी एक मराठमोळी कसोटी सांगतो. आपल्या भाषेत ‘च’ आणि ‘ज’ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. ‘चरण’ मधील च वेगळा आणि ज्योतिबाच्या डोंगरावर ‘चांगभलं’ म्हणताना येणारा च वेगळा. हिंदीच्या वळणाने घडलेला आवाज हे दोन्ही एकसारखे उच्चारण्याचा संभव असतो. ‘ळ’ चा ‘ल’ होतो का, ‘विठ्ठल’ मधील जोडाक्षर तानेत विरघळते का, ओवीचा यती (ओळीतला थांबा) शब्दाच्या मधोमध पडतो का, हेही ऐकावे. अर्थात हिंदीभाषक माणूस गात असेल तर त्याच्याकडूनही हेच होईल, आणि यंत्रे सुधारतील तशी ही कसोटी निकामी होत जाईल, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

सेवांनीही थोडीफार पावले उचलली आहेत. डीझरने जून २०२५ पासून पूर्णपणे यंत्राने केलेल्या संग्रहांवर तशी खूण करायला सुरुवात केली. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये, आदल्या १२ महिन्यांत साडेसात कोटींहून अधिक फालतू ध्वनिमुद्रणे काढून टाकल्याचे सांगितले आणि गाण्यात यंत्राचा वाटा कुठे आहे हे श्रेयनामावलीत नमूद करण्याच्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. ती नोंद करणे गाणे देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवावे. नामवंत गायकाच्या आवाजाची नक्कल हा मात्र निराळा आणि गंभीर प्रकार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंह आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अशा नकलांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले असून, गायकाचा आवाज ही त्याच्या व्यक्तिमत्त्वाची गोष्ट आहे आणि ती परवानगीवाचून वापरता येत नाही, अशी भूमिका घेतली आहे. तेव्हा एखाद्या दिवंगत वा हयात गायकाच्या आवाजातील ‘नवा’ अभंग मंडळाच्या गटात कोणी पाठवला, तर तो पुढे पाठवण्यापूर्वी थांबावे. अभंग तुकोबांचा आहे म्हणून आवाजाची चोरी पवित्र होत नाही.

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यातील शाहिरी पथक आहोत. शाहू महाराजांवरील आमचा वीस मिनिटांचा पोवाडा येत्या २६ जूनला, शाहू जयंतीला, संगीतसेवांवर आणायचा आहे. हे सुचवणारे यंत्र आमचा पोवाडा लोकांपर्यंत नेईल का? ‘ऐकणाऱ्यांचा आकडा वाढवून देतो’ असे सांगणारा एक जण भेटला आहे, त्याच्याकडे जावे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मुळीच जाऊ नये. असे आकडे बहुधा यंत्रांकडूनच ऐकवून वाढवलेले असतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका व्यक्तीवर, यंत्राने बनवलेली लाखो गाणी यंत्रांकडूनच ऐकवून एक कोटी डॉलरहून अधिक मानधन लाटल्याचा आरोप ठेवण्यात आला. आपले प्रमाण अर्थातच क्षुल्लक असेल, पण अशी बनावट ऐकणी आढळल्यास गाणे काढले जाऊ शकते, आणि स्पॉटिफाय २०२४ पासून त्यासाठी गाणे पुरवणाऱ्या वितरकाकडून दंडही घेते. तो दंड शेवटी पथकाच्याच खिशातून जाण्याची शक्यता अधिक. शिवाय खोट्या ऐकण्यामुळे, आपला पोवाडा कोणत्या श्रोत्यांना आवडतो याचा यंत्राचा अंदाजही बिघडतो.

यंत्र आपल्याला लोकांपर्यंत नेईल की नाही हे सुरुवातीला नोंदी किती नीट आहेत यावर ठरते, कारण नव्या कलाकाराविषयी ऐकणाऱ्यांच्या सवयींची माहितीच नसते. भाषा मराठी अशी नोंदवावी. वितरकाने आपसूक हिंदी टाकलेली असेल तर ती बदलून घ्यावी. पथकाचे नाव प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने लिहावे. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नये. शाहीर, कवने लिहिणारा, डफ, तुणतुणे आणि हलगी वाजवणारे, झीलकरी (मागून साथ धरणारे) या सर्वांची नावे श्रेयनामावलीत द्यावीत. कवन नवे असेल तर लेखक आणि संगीतकार यांनी आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांना त्यांच्या रचनांचे मानधन मिळवून देणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घेण्याचा विचार करावा. वितरकाच्या करारात आपले ध्वनिमुद्रण कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरू देण्याचे कलम आहे का, हेही सहीपूर्वी वाचावे, कारण डफावरची ती चढती लय आणि शाहिराचा पहाडी आवाज शिकायला यंत्रवाले आनंदाने तयार होतील.

पैशाच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जाते, मग ध्वनिमुद्रण तीन मिनिटांचे असो वा वीस मिनिटांचे, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणास मानधनाचा वाटा मिळत नाही. या हिशेबामुळे पोवाड्याचे लहान लहान तुकडे करण्याचा मोह होईल. जिथे चौक (पोवाड्याचा पद्य भाग) संपून शाहीर गद्यात कथा पुढे नेतो तिथे भाग पाडल्यास रचनेला धक्का लागत नाही, तेवढेच करावे. वीररस ऐन भरात असताना केवळ आकड्यासाठी कात्री लावली तर ऐकणारा तिथेच थांबेल आणि ते थांबणेही यंत्र टिपून ठेवील.

तारखेचे गणित मात्र आजच मांडावे. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या पानावरून नवे गाणे त्यांच्या संपादकांच्या नजरेस आणून देता येते, आणि ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी केल्यास पथकाला अनुसरणाऱ्या श्रोत्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते पोहोचते. वितरकाकडून गाणे सेवेपर्यंत जायलाही काही दिवस लागतात. त्यामुळे २६ जून गाठायचा तर ध्वनिमुद्रण, मुखपृष्ठाचे चित्र आणि सर्वांची नावे मे महिन्याच्या अखेरीस वितरकाच्या हाती गेलेली असावीत.